दातांच्या सांदीत

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण तुम्ही वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली असेल. हवी असलेली वस्तू आणि ती भोगण्याची शक्ती या दोहोंची गाठ क्वचितच पडते, असा तिचा अर्थ. म्हणीत दोष दैवाला दिलेला आहे. परंतु दात जाण्याचा दोष नेहमी दैवाचा नसतो. पुष्कळांचे दात वयोमानाने जात नाहीत, दुर्लक्षाने जातात. आणि हे दुर्लक्ष बहुधा लहानपणीच सुरू झालेले असते.

दात केवळ चणे फोडण्यासाठी नाहीत. त, थ, द, ध, न या वर्णांना आपण दंत्य वर्ण म्हणतो. कारण त्यांचा उच्चार करताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागील बाजूस टेकते. पुढचे दात पडलेल्या एखाद्या लहान भावंडास ‘सात ससे’ असे म्हणावयास सांगा, म्हणजे शुद्ध उच्चारासाठी दात किती उपयोगी आहेत हे ध्यानात येईल. अन्न बारीक करणे, बोलणे स्पष्ट करणे आणि चेहऱ्याला आकार देणे ही तिन्ही कामे दात मुकाट्याने करीत असतात. ते दुखू लागेपर्यंत आपणांस त्यांची आठवणही होत नाही.

माणसाला दात दोनदा येतात. पहिले दुधाचे दात. ते २० असतात. दुसरे कायमचे दात. ते ३२ असतात. त्यांपैकी पुढचे ८ पटाशीचे दात अन्न तोडतात. त्यांच्या शेजारचे ४ सुळे अन्न फाडतात. ८ उपदाढा आणि १२ दाढा अन्न चिरडून बारीक करतात. सर्वांत मागच्या चार दाढांना अक्कलदाढा म्हणतात. त्या बहुधा सतराव्या वर्षानंतर येतात आणि काहींना येतही नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. सुमारे सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पाडता, दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ उगवते. कोणताच दात पडलेला नसल्यामुळे पुष्कळ घरी तीस दुधाचीच दाढ समजतात आणि ‘किडली तरी चालेल, पडून दुसरी येईल’ अशी समजूत करून घेतात. परंतु ती पडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तुमच्या वयाला, म्हणजे बाराव्या वर्षाच्या सुमारास, तिच्या मागे दुसरी कायमची दाढ येते. म्हणजे जे दात आयुष्यभर पुरवावयाचे, ते जवळजवळ सर्व आजच तुमच्या तोंडात आहेत.

दात बाहेरून दगडासारखा दिसत असला, तरी तो आतून सजीव आहे. हिरडीच्या वर दिसतो तो दाताचा माथा आणि जबड्याच्या हाडात रोवलेले असते ते मूळ. माथ्यावर पांढरे, चकचकीत आवरण असते. त्यास दंतवल्क असे म्हणतात. मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. दंतवल्काच्या आत काहीसा मऊ व पिवळसर असा दंतिन नावाचा थर असतो. आणि त्याच्याही आत, अगदी मध्यभागी, मगज असतो. या मगजात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दाताला जी संवेदना होते ती त्यांच्यामुळे.

दंतवल्क इतके कठीण असूनही त्यात एक मोठी उणीव आहे. बोटाला जखम झाली तर ती भरून येते. हाड मोडले तर ते सांधते. परंतु दंतवल्काला भोक पडले तर ते आपोआप कधीच भरत नाही. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात. कारागीर घर बांधून निघून जावा आणि पुढे भिंतीला खिंडार पडले तर बुजविण्यास कोणीच नसावे, अशी ही स्थिती आहे. म्हणून दातांच्या बाबतीत उपचारापेक्षा रक्षणाचे महत्त्व अधिक.

मग एवढ्या कठीण आवरणाला भोके पाडतो तरी कोण? ‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो; पण दातात डोळ्यांना दिसणारा कोणताही किडा नसतो. या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा सतराव्या शतकात एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या हाती लागला.

हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचे गृहस्थ राहत असत. त्यांचा जन्म १६३२ सालचा. ते विद्यापीठात शिकलेले नव्हते. परंतु काचेची लहान लहान भिंगे घासून तयार करण्याच्या कलेत त्यांची बरोबरी करणारा त्या काळी कोणी नव्हता. त्या भिंगांतून ते पावसाचे पाणी, मिरी, केस, माशीचा डोळा असे जे हाती येईल ते पाहत. १६८३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १७ तारखेस त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी स्वतःच्या दातांची हकीकत सांगितली आहे.

आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, चूळ भरतो, जेवणानंतर दात कोरतो आणि फडक्याने पुसतो, त्यामुळे आपले दात इतरांपेक्षा स्वच्छ आहेत, असे ते लिहितात. तरीदेखील भिंगाचा आरसा धरून पाहता काही दातांच्या मध्ये त्यांना पांढरा, कालवलेल्या पिठासारखा पदार्थ दिसला. तो त्यांनी काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात मिसळला आणि भिंगाखाली ठेवला. पाहतात तो काय! त्या थेंबात असंख्य सूक्ष्म जीव होते. काही सुळकन् पाण्यातून जात होते, काही भोवऱ्यासारखे फिरत होते. आपल्या सबंध देशात जितकी माणसे आहेत त्यांहून अधिक जीव आपल्या तोंडात राहतात, असे त्यांना वाटले.

लेव्हेनहूकने पाहिलेले ते जीव म्हणजे जिवाणू होत. या पत्रात एक सूचक गोष्ट आहे. तो मनुष्य अस्वच्छ नव्हता. तो दात रोज नियमाने घाशीत असे. तरी त्याच्या दातांच्या सांदीत तो पांढरा थर राहून गेलाच.

हे जिवाणू दाताचे नुकसान कसे करतात, याचा उलगडा पुढे सुमारे २०० वर्षांनी झाला. डब्ल्यू. डी. मिलर हे अमेरिकन दंतशास्त्रज्ञ जर्मनीत बर्लिन येथे संशोधन करीत असत. तोंडातील जिवाणू साखर व पिष्टमय अन्न यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचा कठीण भाग विरघळतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. १८९० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजचे ज्ञान याच पायावर उभे आहे.

प्रकार असा घडतो. दात घासल्यानंतर थोड्याच वेळात जिवाणू दातांवर पुन्हा जमू लागतात आणि त्यांचा बुळबुळीत थर तयार होतो. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरविली तर हा थर जाणवतो. आपण गोड खाल्ले की थरातील जिवाणूंनाही मेजवानी मिळते आणि काही मिनिटांतच ते आम्ल सोडू लागतात. सुदैवाने आपली लाळ या आम्लाचा जोर मोडून काढते आणि दाताने गमावलेले क्षार थोडेथोडे परत देते. परंतु या कामाला तिला सुमारे अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून जेवणाबरोबर एकदाच लाडू खाणारा मुलगा आणि दिवसभर एकेक गोळी चघळणारा मुलगा यांत दुसऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात. किती गोड खाल्ले याइतकेच, किती वेळा खाल्ले यालाही महत्त्व आहे. चिकटणारी बिस्किटे व चिक्की दातांच्या सांदीत दडून बसतात, हेही विसरू नये.

आम्लाच्या माऱ्याने प्रथम दंतवल्कावर पांढुरका डाग पडतो. या अवस्थेत स्वच्छता आणि फ्लोराईडयुक्त पेस्ट यांच्या साहाय्याने दात सावरू शकतो. पण भोक पडले की माघार नाही. दंतवल्कात मज्जातंतू नसल्यामुळे भोक पडतानाही दुखत नाही. ते दंतिनापर्यंत पोहोचले म्हणजे थंड पाण्याने कळ येते आणि मगजापर्यंत पोहोचले म्हणजे रात्री दाढ ठणकू लागते. घरात मग लवंगेचे तेल शोधले जाते. त्या तेलाने ती जागा काही काळ बधिर होते. परंतु ठणका थांबला म्हणजे कीड थांबली, असे नव्हे. दुखणे हा रोगाचा पहिला निरोप नसून फार उशिरा आलेला निरोप आहे.

जिवाणूंचा हा थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात मिसळून तो दगडासारखा टणक होतो. त्यास आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. थराच्या सान्निध्याने हिरड्या लाल होतात, सुजतात आणि घासताना त्यांतून रक्त येते. पुष्कळ मुले रक्त पाहून घाबरतात आणि त्या जागी ब्रश लावण्याचे सोडून देतात. हा उपाय नव्हे, अपाय आहे.

याची खात्री एका प्रयोगाने पटली. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅरल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ व्यक्तींना दात स्वच्छ करणे थांबविण्यास सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दातांची स्वच्छता सुरू केली, तेव्हा सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हिरड्यांची सूज अस्वच्छतेने येते आणि स्वच्छतेने जाते, हे त्याने दाखवून दिले. मात्र सूज वर्षानुवर्षे तशीच राहू दिली, तर काहींच्या बाबतीत दाताभोवतीचे हाड झिजते व दात हलू लागतात. ते झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

दातांची निगा राखणे आपल्या देशास नवीन नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत दंतधावनाचे नियम दिलेले आहेत. सुश्रुताने दंतकाष्ठ बारा अंगुळे लांब असावे असे सांगितले आहे, तर चरकाने ते दिवसातून दोन वेळा वापरावयास सांगितले आहे. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला करण्याची रीत खेड्यांतून आजही आढळते. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली सवयही उत्तम आहे. पण सर्वच जुन्या सवयी चांगल्या नसतात. खरखरीत राखुंडीने दंतवल्क झिजते. मशेरी तर तंबाखू भाजून केलेली असते. तिने दात स्वच्छ होत नाहीत. उलट तिचे व्यसन जडते आणि तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. घरात कोणी मशेरी लावीत असेल, तर ही गोष्ट त्यांना नम्रपणे समजावून सांगा.

आता लेव्हेनहूकच्या दातांकडे परत वळू. दात रोज घाशीत असताही त्यांच्या सांदीत थर का राहिला? याचे उत्तर सोपे आहे. दाढेला पाच बाजू असतात: गालाकडील एक, जिभेकडील एक, चावण्याची एक आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रश किंवा दातण पहिल्या तीन बाजू स्वच्छ करते. उरलेल्या दोन बाजूंच्या अरुंद फटीत त्याचे केस पोहोचत नाहीत. खोलीचा मधला भाग रोज झाडावा आणि कोपरे तसेच ठेवावेत, त्यातला हा प्रकार. कचरा साठतो तो कोपऱ्यातच.

या सांदीसाठी दोऱ्याचा उपाय सुचविणारे म्हणून लेव्ही स्पिअर पार्मली यांचे नाव सांगतात. ते अमेरिकेतील दंतवैद्य होते आणि न्यू ऑर्लिन्स शहरी व्यवसाय करीत. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी दातांच्या मधून मेण लावलेला रेशमी दोरा फिरविण्याचा उपदेश केला. १८८२ साली अमेरिकेत असा रेशमी दोरा विक्रीसाठी तयार होऊ लागला. पुढे त्याच न्यू ऑर्लिन्स शहरातील चार्ल्स बास या वैद्यांनी रेशमाऐवजी नायलॉनचा दोरा वापरावा असे सुचविले. कारण तो सहजासहजी तुटत नाही. ब्रश हिरडीकडे तिरपा धरून हलक्या हाताने घासण्याची जी पद्धत दंतवैद्य शिकवितात, तीही बास यांच्याच नावाने ओळखली जाते. हा दोरा आज औषधांच्या दुकानात ‘डेंटल फ्लॉस’ या नावाने मिळतो.

दोरा वापरण्याची रीत अशी आहे. प्रथम हात स्वच्छ धुवावेत. सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे हातभर, दोरा तोडून घ्यावा. तो दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर दोरा ताणून धरावा. अंगठा व तर्जनी यांच्या आधाराने तो दोन दातांच्या मध्ये करवतीप्रमाणे हळूहळू पुढेमागे करीत उतरवावा. झटका देऊ नये. त्याने हिरडी कापते. दोरा हिरडीपाशी आला म्हणजे तो एका दाताभोवती चंद्रकोरीसारखा वळवावा आणि दाताला घासत वरखाली न्यावा. मग तसाच दुसऱ्या दाताला वळवावा. फट बदलली की दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. नाही तर एका फटीतील घाण दुसरीत जाते. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरू नये. शेवटी चूळ भरावी.

हे काम दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, करावे. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जिवाणूंना रान मोकळे मिळते. पहिले काही दिवस हिरडीतून थोडे रक्त येईल. नेमाने स्वच्छता ठेवल्यास ते थांबते. एक-दोन आठवड्यांत न थांबल्यास दंतवैद्यास दाखवावे. ‘दात कोरून पोट भरत नाही’ असे म्हणतात. पण टाचणी, सुई किंवा आगकाडी यांनी दात कोरल्यास हिरडी मात्र जखमी होते. शिवणाचा दोराही वापरू नये.

दोऱ्याने सर्व काही साधते, असेही समजू नये. ब्रशच्या जोडीला दोरा किंवा दातांच्या फटींसाठी असलेला बारीक ब्रश वापरल्यास हिरड्यांची सूज अधिक कमी होण्याचा संभव आहे, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणात आढळले. मात्र हा पुरावा अद्याप फार भक्कम नाही, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले. घाईघाईने दोरा आतबाहेर केल्यास लाभ होत नाही. म्हणून मुख्य नियम कायम आहेत: सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे मऊ ब्रशने, फ्लोराईड असलेली वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन दात घासावेत, अधूनमधून गोड खाऊ नये, आणि दात दुखण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने दंतवैद्याकडून ते तपासून घ्यावेत. फ्लोराईड मात्र मर्यादेतच हितकर. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते नैसर्गिकरीत्याच अधिक आहे आणि तेथे मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडल्याचे आढळते. अशा ठिकाणी पिण्याचे पाणी तपासून घेणे आवश्यक असते.

मुलांनो, आज रात्री दात घासून झाल्यावर आरशासमोर उभे राहा आणि तोंड उघडून मागे पाहा. सहाव्या वर्षी आलेली ती दाढ तुम्हांस दिसेल. ती कधी आली हे तुम्हांला आठवतही नसेल. तिला तुमच्याबरोबर आणखी साठ-सत्तर वर्षे काढावयाची आहेत आणि तिच्या जागी दुसरी येणार नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या फटींकडे रोज दोन मिनिटे लक्ष देणे, एवढेच तुमच्या हाती आहे. आणि तेवढे केले, तर म्हातारपणी चणे व दात या दोहोंची गाठ पडावयास हरकत नाही.

शब्दार्थ

सांद – दोन वस्तूंमधील अरुंद जागा. दंतवल्क – दाताच्या माथ्यावरील कठीण आवरण. दंतिन – दंतवल्काच्या आतील थर. मगज – दाताच्या मध्यभागातील मऊ, सजीव भाग. किटण – दातांवर साठून टणक झालेला मळ. दंतकाष्ठ – दात घासण्याची काडी, दातण. सान्निध्य – जवळीक. प्रांजळपणे – मन मोकळे ठेवून, काही न लपविता.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेविषयी लोकांचा गैरसमज का होतो?
(आ) लेव्हेनहूक यांना दातांच्या सांदीत काय आढळले?
(इ) दंतवल्काला पडलेले भोक आपोआप का भरून येत नाही?
(ई) दोरा रात्री वापरणे अधिक चांगले का?

२. कारणे द्या.
(अ) दिवसभर गोळ्या चघळणाऱ्या मुलाचे दात अधिक धोक्यात असतात.
(आ) हिरडीतून रक्त आले तरी दात घासणे थांबवू नये.
(इ) दाताची कीड दुखू लागण्यापूर्वीच ओळखली पाहिजे.

३. ‘दुखणे हा रोगाचा पहिला निरोप नसून फार उशिरा आलेला निरोप आहे.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: दातओठ खाणे, दातखिळी बसणे, दाती तृण धरणे, रान मोकळे मिळणे.

५. त, थ, द, ध, न यांपैकी प्रत्येक वर्णाने सुरू होणारे दोन शब्द लिहा. ते मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक वेळी जीभ कोठे टेकते ते पाहा.

६. उपक्रम: घरातील वृद्ध माणसे लहानपणी दात कशाने घाशीत, हे त्यांना विचारा. त्यांतील कोणती सवय चांगली होती व कोणती नव्हती, ते पाठाच्या आधारे दहा ओळींत लिहा.